जवळची बाजू

निजामाच्या सगळ्या मुलखात आमच्या मावसोबांइतका घाबरट माणूस दुसरा नव्हता, आणि सबंध औरंगाबादेतली सगळ्यात वेगवान मोटार त्यांच्याच गोठ्यात उभी होती. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी कशा नांदतात हे मला, त्यांच्या घरी चार वर्षं जेवूनही, बराच काळ उमगलं नव्हतं. मावसोबा म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. मला औरंगाबादेच्या एका शाळेत इंग्रजीच्या मास्तरची नोकरी लागली, तेव्हा खानावळीत माझं पोट बिघडेल या भीतीनं त्यांनीच मला घरी ठेवून घेतलं. भीती हेच त्यांच्या प्रेमाचं नेहमीचं रूप होतं. पावसाळ्यात ते विजेला भीत, उन्हाळ्यात आगीला, आणि हिवाळ्यात, ही दोन्ही नसल्यामुळं, आपलं काहीतरी विसरतंय या शंकेला. घराला कुलूप लावलं की चार पावलं जात, परत येऊन कुलूप ओढून पाहत, पुन्हा चार पावलं जात. मावशी तोवर कोपऱ्यावर उभी राहून दोन ओळखीच्या बायकांशी बोलून घेई. टांग्यात बसण्याआधी ते घोड्याचं वय विचारत. एकदा घोडा फारच तरणा निघाला, म्हणून आम्ही तिघं शहागंजापासून घरापर्यंत पायी आलो, आणि टांगेवाला बिचारा रिकामा टांगा घेऊन सोबत म्हणून मागोमाग आला.

अशा माणसानं दोनच जणांची, उघडी, लांब नाकाची, शर्यतीची मोटार घ्यावी याला कारण मावशीचा दमा. तिला एकच सुई लागू पडे, आणि ती देणारे डॉक्टर राहत जालन्याला. आगगाडी आपल्या वेळेला जायची. दम्याला वेळापत्रक ठाऊक नव्हतं. एकदा मावशी स्टेशनच्या बाकावर गुडघ्यांवर कोपरं टेकून श्वास ओढत बसली होती, गाडी लांबली होती, आणि मावसोबा फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन रुळांकडं बघून परत येत होते. किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मावशी त्या दिवशी वाचली, पण त्या फलाटावर त्यांच्या मनात जे बसलं ते पुन्हा उठलं नाही. महिनाभरात त्यांना कळलं, की छावणीतल्या एका बदली झालेल्या गोऱ्या साहेबाची मोटार कडुलिंबाखाली पडून आहे. तिच्यात कोंबड्या राहत होत्या आणि चारी चाकं मातीत रुतली होती. मावसोबांनी एवढंच विचारलं, की ही जालन्याला किती लवकर पोचेल. साहेबाच्या खानसाम्यानं जे उत्तर दिलं त्यानं ते पांढरेफटक पडले, आणि घेतो म्हणाले. गाय शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेली. मोटार तिच्या जागी आली, बैल जुंपून.

मोटारीबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, कोणता भाग कसा खोलायचा आणि कसा बसवायचा याचं. काम करणार होते शहागंजातले मिस्त्री. त्यांनी उमेदीची वर्षं रिसाल्यातल्या, म्हणजे घोडदळातल्या घोड्यांना नाल ठोकण्यात घालवली होती, पुढं टांग्यांची चाकं आणि शिवणयंत्रं दुरुस्त केली होती, आणि दोन-तीन साध्यासुध्या मोटारीही त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, उर्दू वाचता येई. मावसोबा तर जिल्हा अदालतीत तर्जुमानवीस, म्हणजे इंग्रजी कागदांचं उर्दू करणारे कारकून. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तर्जुम्याची कोणाला तरी खरी गरज पडली होती. कचेरीतून आले की हातपाय धुऊन ते वही घेऊन बसत, आणि सहा महिन्यांत त्यांनी ते अख्खं पुस्तक मोत्यासारख्या अक्षरात उर्दूत उतरवलं. फक्त हात अदालतीला सरावलेला. चाकाचं नाव एकदा आलं, की पुढं ते सगळीकडं 'पहिया-ए-मजकूर', म्हणजे वर सांगितलेलं चाक. आठ दिवसांनी मिस्त्री येऊन गंभीरपणे म्हणाले, "साब, शहागंज पूरा छान मारा. मजकूर नाम का पुर्जा किसीकेच पास नई." ते थट्टा करत होते की खरंच शोधून आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे.

खरा घोळ पुढंच होता. त्या पुस्तकात डावं-उजवं असं कुठं नव्हतंच; जागोजाग 'नियर साइड' आणि 'ऑफ साइड'. मावसोबांनी त्यांचं 'जानिब-ए-करीब' आणि 'जानिब-ए-बईद' केलं, जवळची बाजू आणि लांबची बाजू. मिस्त्रींनी वही मिटली आणि विचारलं, "करीब बोले तो किसके करीब?" मावसोबांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी प्रश्न माझ्याकडं आला, कारण इंग्रजी शिकवण्याचा पगार मी घेत होतो. मी चष्मा पुसला, कोश उघडला, त्यात काही सापडलं नाही, आणि ते मुळीच न सांगता निकाल दिला, की मोटार चालवणारा बसतो ती जवळची, दुसरी लांबची. मास्तरनं सांगितल्यावर शंका कोण काढणार? मिस्त्री कामाला लागले.

त्या मोटारीत मुळात वेगाखेरीज काही नव्हतं. मावसोबांनी तिच्यात काळजी बसवायला घेतली. एक भोंगा होता. त्यांनी दुसरा मावशीच्या बाजूला लावला, म्हणजे त्यांना समोरचं दिसलं नाही तर तिनं वाजवावा. दिव्यांवर भरवसा नको म्हणून दोन्हीकडं कंदील अडकवायच्या कड्या केल्या. चाकाखाली सरकवायला दोरी बांधलेले दोन लाकडी ठोकळे आले. वर मेणकापडाचं छप्पर, छपराला पडदे, पडद्यांना नाड्या. आणि मावशीच्या पुढ्यात एक सागवानी फळी, दम लागला की तिला झुकून कोपरं टेकायला. तिच्यावर गादी काथ्याची, कारण कापसाची धूळ मावशीला सोसत नसे. ती फळी त्यांनी सात वेळा वरखाली केली. दर वेळी मावशीला बसवत, डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला सांगत, आणि स्वतः बाजूला श्वास रोखून उभे राहत. गल्लीतली माणसं येताजाता हसत. मीही हसत होतो, हे आता लपवत नाही.

चाकं तारांची होती आणि प्रत्येकाच्या मधोमध एकच मोठा, दोन कानांचा नट. तो ठोकून घट्ट करायचा हातोडा तांब्याचा असावा असं पुस्तकात होतं, म्हणून मावसोबांनी तांबटाकडून तसा घडवून आणला. घरात तांब्याची वस्तू आली की मावशीचा हात तिच्याकडं जाणारच. देवाच्या भांड्यांबरोबर ती तो हातोडाही चिंचेनं घासू लागली. मोटार सुरू झाली, मावसोबा चालवायला शिकले, परवाना मिळाला. मग रोज संध्याकाळी ते छावणीच्या रस्त्यानं थोडं जात, थांबत, खाली उतरून चारी नट ठोकत, आणि घरी येऊन चिंताक्रांत चेहऱ्यानं सांगत, की नट सैल होताहेत. कुलपाची गोष्ट ठाऊक असल्यामुळं आम्ही ते कानाआड केलं. मावशी म्हणायची, "वहम आहे त्यांचा. ठोकू दे. हाताला काम असलं की जिवाला बरं वाटतंय त्यांच्या." मिस्त्रींनीही मान डोलावली.

दिवाळीनंतर शेजाऱ्यांनी गाद्या पिंजायला पिंजारी बोलावला. मावसोबांनी कचेरीत जाण्याआधी खिडक्या लावल्या, फटींत फडकी कोंबली, तरी दुपारी मावशीचा श्वास अडकलाच. जालन्याची गाडी सकाळीच निघून गेली होती. शाळेला सुटी होती म्हणून मी घरीच होतो; मी निरोप धाडला आणि मावसोबा कचेरीतून धावत आले. ते धावू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. हँडल मी मारलं. मावशी फळीवर कोपरं टेकून बसली, मी मागं सामानाच्या खोक्यावर. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तुटक तुटक म्हणाली, "अहो, श्वास माझा अडकायलाय, अन् घाम तुम्हाला सुटायलाय."

शहर मागं पडलं आणि त्या माणसानं मोटार सोडली. दोन्ही बाजूंची झाडं भराभर मागं पळू लागली. मला वाटलं, आता पोचलो. तेवढ्यात मोटार थांबली. मावसोबा हातोडा घेऊन उतरले आणि एक एक नट ठोकू लागले. मावशीच्या छातीतली शीळ मला मागं ऐकू येत होती, तिचे ओठ काळपट पडत चालले होते, आणि हा गृहस्थ रस्त्यावर ठोकाठोक करत होता. मी म्हणालो, आज तरी राहू द्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. निघालो, तर शेंद्रा गावाजवळ पुन्हा थांबले. माझा तोल सुटला. मी खाली उडी मारली, त्यांचा हात धरला आणि जे बोलू नये ते बोललो. तुमच्या वहमापायी मावशी जाईल, असं म्हणालो. ते चिडले नाहीत. हातोडा खाली घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "एकदा हात लावून बघ."

मी हात लावला. एवढा मोठा नट माझ्या दोन बोटांनी फिरला.

त्यानंतर दर थोड्या अंतरावर ते थांबत आणि मोटार नीट उभी राहायच्या आत मी खाली असे. दोन चाकं ते ठोकत, हातोडा माझ्या हाती देत, दोन मी. मावशी वर मोजत होती, आम्हाला धीर द्यायला की स्वतःला, ठाऊक नाही. 'चार' म्हणायची आणि आम्ही निघायचो. पुढं पुढं ती 'चार' म्हणेनाशी झाली, नुसतं बोट वर करी. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं अर्धं अजून फेडायचं आहे. दिवस मावळायच्या आत जालना आलं. डॉक्टरांनी सुई दिली, आणि बऱ्याच वेळानं मावशीची छाती शांत झाली. बाहेर पायरीवर मावसोबा हातोडा मांडीवर घेऊन बसले होते. ती बरी आहे असं सांगितलं, तर त्यांनी मान हलवली आणि स्वतः आत जाऊन बघून आले. मग पायरीवर बसले, आणि पुन्हा एकदा जाऊन बघून आले.

मावशीला आम्ही आगगाडीनं परत धाडलं आणि मोटार ठोकत ठोकत घरी आणली. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, जमिनीवर बसले, एका बाजूचा नट काढला, दुसऱ्या बाजूचा काढला, दोन्ही शेजारी शेजारी धरले. एकाचे आटे उजवे, दुसऱ्याचे डावे. मोटार पुढं धावली की नट आपोआप आवळले जावेत, यासाठी ती योजना. आमच्या मोटारीत ते तुंब्यांसकट, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागांसकट, उलट्या बाजूंना बसले होते, म्हणून ती जितकी पुढं जाई तितके ते सुटत. मिस्त्री म्हणाले, "उल्टी चलाए होते तो कुच बी नई होता था." मग त्यांनी वही मागितली, 'जानिब-ए-करीब'वर बोट ठेवलं आणि मूळ शब्द कोणता होता ते विचारलं. मावसोबांनी सांगितला.

"नियर साइड?" मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "साब, वैसाच बोलना था ना. रिसाले में घोड़े का बायां बाजू नियर साइडच रहता. जिंदगी गई मेरी नाल ठोकने में."

त्या माणसाला जे दोन-चार इंग्रजी शब्द येत होते, त्यांतल्याच एकाचा आम्ही दोघा विद्वानांनी तर्जुमा केला होता. मावसोबा वहीकडं बघत राहिले. त्यांना विजेची, आगीची, तरण्या घोड्यांची भीती वाटली होती. आपल्या सुंदर अक्षराची कधी वाटली नव्हती. चूक माझी होती, निकाल मी दिला होता, पण ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्याची लाज मला अजून वाटते. मावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "जवळची म्हंजे मी बसते ती. त्याला कोश कशाला बघावं लागतंय?"

मिस्त्रींनी बाजू बदलल्या. मावसोबांनी पुढचे आठ दिवस सबंध वही दुरुस्त केली. सरळ 'डावी' असं लिहायचं, तर तसं नाही. जिथं जिथं 'जानिब-ए-करीब' होतं तिथं तिथं तांबड्या शाईनं 'जानिब-ए-अहलिया' केलं, म्हणजे पत्नीची बाजू. मिस्त्रींनी वाचून पाहिलं आणि आता कुणी चुकणार नाही म्हणाले. नट पुन्हा कधी सैल झाले नाहीत, मावसोबांचं उतरून ठोकणंही थांबलं नाही. फरक एवढाच, की त्यानंतर कोणी हसलं नाही.

ज्यांनी सगळ्या घराच्या आजारांची आगाऊ काळजी वाहिली, त्यांना स्वतःच्या आजाराची चाहूलही लागली नाही. दोन दिवसांच्या तापात गेले. मावशी राहिली, दम्यासकट. पुढच्या वर्षी तिला डॉक्टरांना दाखवायला जालन्याला न्यायचं होतं. तेव्हा तिला काही होत नव्हतं, आगगाडीनंही जाता आलं असतं, पण ती मोटारीनं जाऊ म्हणाली. मावसोबांनी मला चालवायला शिकवलं होतं. ती आपल्या बाजूला फळीपुढं बसली. शेंद्रा आलं तशी म्हणाली, "थांबव जरा."

"मावशी, चाकं आता सैल होत नाहीत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

फळीखालून तिनं हातोडा काढला. आदल्याच दिवशी चिंचेनं घासलेला होता. ती सावकाश उतरली आणि आपल्या बाजूच्या दोन नटांवर एकेकदा हातोडा मारला, मग पलीकडून फिरून दुसऱ्या दोन. जोर असा नव्हताच. चौथ्याला तिला धाप लागली, म्हणून मी उतरायला लागलो, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. परत येऊन बसली, हातोडा मांडीवर घेतला आणि दार लावलं. लावलेलं दार ओढून पाहिलं, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"चल," ती म्हणाली.