फोल्डरचं नाव न देता

आमच्या घरात आबांचा एकच कायदा होता. विचारल्यावर कोणी गप्प बसलं, की ते 'हो' धरायचं. थोरल्या बहिणीला, अक्काला, बारावीनंतर शिकायचं होतं. पाहुण्यांसमोर आबांनी तिला विचारलं, "पोऱ्या पसंत शे ना?" ती मान खाली घालून बसली. आठवड्यात साखरपुडा झाला आणि अक्का धुळ्याला गेली. मी पोटभर पेढे खाल्ले.

दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाणार. मग ऑपरेशनआधी आठ दिवस मी त्यांना बोलतं करून माझ्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं. शिव्या, गावाकडच्या गोष्टी, नातवाला मारलेल्या हाका. त्रेचाळीस फाइली झाल्या. शुश्रूषेला आलेल्या अक्काने दुसऱ्या कॉपीबद्दल विचारलं, "भाऊ, हाई दुसरीकडे बी ठेयेल शे का?"

"तू भाकरी टाक," मी म्हणालो. "हाई तुन्हं काम नही."

ती काही न बोलता आत गेली. पटलं असणार, असं मी धरलं.

माझ्याकडे लॅपटॉप नाही. भुसावळ-जळगाव अप-डाउन करताना मोबाइलवरच टर्मिनलचं, म्हणजे टाइप करून हुकूम सोडायचं, अ‍ॅप उघडून अंगठ्यांनी प्रोग्राम लिहितो, आणि त्याचा मला माज होता. नातेवाइकांच्या व्हॉइस मेसेजांनी फोन तुंबायचा, म्हणून ते पुसायचा प्रोग्राम केला. प्रोग्रामच्या नावापुढे फोल्डरचं नाव टाइप करायचं, त्याला आर्ग्युमेंट म्हणतात, की त्या फोल्डरमधले सगळे आवाज साफ. नाव दिलंच नाही तर? शहाणा माणूस तिथे प्रोग्रामला थांबवतो, 'फोल्डरचं नाव द्या' असं म्हणायला लावतो. मी लिहिलं होतं, काही सांगितलं नसेल तर ज्या फोल्डरमध्ये आपण आहोत तेच समज, आणि पुन्हा विचारत बसू नकोस. शेवटी आबांचाच मुलगा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या औषधांच्या रांगेत उभा होतो. टर्मिनलमध्ये आबांचं फोल्डर उघडून फाइली जागेवर आहेत ना ते पाहत होतो, तेवढ्यात फोन भरल्याची सूचना आली. म्हटलं, रांग सरकेपर्यंत मेसेज तरी पुसू. तिथूनच प्रोग्रामचं नाव लिहिलं आणि मेसेजच्या फोल्डरचं नाव लिहायच्या आधीच अंगठा एंटरवर पडला.

'त्रेचाळीस फाइली पुसल्या.'

टर्मिनलमधून पुसलेलं कचरापेटीतही जात नाही. रिकव्हरीवाल्याने दोन दिवस फोन ठेवून घेतला आणि हात वर केले.

आबांना सांगणं भाग होतं. त्यांच्या गळ्यात नळी होती, छातीवर नातवाची पाटी.

"आबा, मी चुकनू. तुमना आवाज मन्हा हातथीन पुसाई गया. माफ करशात ना माले?"

ते बघत राहिले. पाटीला हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

"आबा काही बोलनात नहीत," चादरीची घडी घालता घालता अक्का म्हणाली. "म्हंजे हो शे. आपला घरमा असंच शे ना?"

आबांची मान वळली. त्यांनी पाटी ओढली आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक तुटलं. 'नही' एवढंच लिहिलं. पाटी माझ्यासमोर धरली आणि खाली केली नाही.

अक्काने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, पदराने पुसली आणि परत छातीवर ठेवली.

"तुमले पाटी तरी शे, आबा," ती म्हणाली. "माले तवय कोनी पाटीबी दिन्ही नही."