कारखान्याचं रेक्झिन

शेजारची लाकडाची वखार जळाली, तेव्हापासून खातूनबीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. नवरा गेल्यावर चिंचवडात तीन मशिनांवर ती स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवून देई. रेक्झिन कारखान्याचं, मजुरी तिची. दुकानाचा आगीचा विमा होता, तरी त्या चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती विमा एजंट नानासाहेबांकडे गेली.

"दुकान जळालं तर रेक्झिनचे पैसे मिळतील का?"

"ते तुमच्या मालकीचं आहे का?"

"नाही."

"मग नाही मिळायचे, खातूनबी. दुसऱ्याचा माल पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा लागतो. वर्षाला चाळीसेक रुपये जास्त पडतील."

तिने तिथेच पैसे भरले. पण कागद हाती येईपर्यंत तिला चैन पडेना. दुकानातले सगळे गठ्ठे तिने टांग्यात घालून कारखान्यात परत पोहोचवले. तिथले साहेब चिडले, आठवड्याचं काम बुडालं.

नवव्या दिवशी कागद आला. नानासाहेबांनी नवी ओळ वाचून दाखवली. तिने ती पुन्हा वाचायला लावली आणि विचारलं, "आणि पवनेच्या पुराचं पाणी आत शिरलं तर?"

नानासाहेबांनी काढलेला चष्मा परत चढवला. "तेही वेगळं लिहावं लागतं," ते म्हणाले.