नायककाकांचं तेल

रिपोर्ट हातात आल्यावर मी आधी लॅबला फोन केला. सॅम्पल बदललं तर नाही ना, म्हणून. त्यांनी पुन्हा तपासून तोच आकडा सांगितला. पीएसए चढला होता, आणि चांगलाच.

पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची लहानशी ग्रंथी. तिच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना हा आकडा खाली राहायला हवा.

पेशंट होते रामधन आडे, बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, वय सत्तरीच्या घरात. मी यवतमाळला युरोसर्जन आहे. केबिनमध्ये बाई बसलेली पाहून दारातूनच परत गेलेले पुरुष मी बरेच पाहिलेत. नायककाका आत येऊन बसले होते, याचं मला कौतुक होतं.

त्यांचा कॅन्सर हाडांत पसरला होता. असा कॅन्सर मुळासकट काढता येत नाही, पण बरीच वर्षं दाबून ठेवता येतो. तो टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन दिलं की ते हार्मोन बनणं थांबतं. यवतमाळची खेप वाचावी म्हणून काका ते दारव्ह्याच्या एका दवाखान्यात घेणार, असं ठरलं होतं.

इंजेक्शन चालू असूनही पीएसए चढतो तेव्हा बहुतेक वेळा कॅन्सर त्या औषधाला जुमानेनासा झालेला असतो. मग केमोथेरपीसारखे जड उपचार सुरू करावे लागतात. पण त्याआधी टेस्टोस्टेरॉन तपासायचं असतं. मी तपासलं. अगदी नॉर्मल आलं. इथे नॉर्मल ही वाईट बातमी होती. इंजेक्शन अंगात गेलेलंच नव्हतं.

मी त्यांना बोलावून घेतलं. सोबत मुलगी कविता आली. ती अमरावतीला फार्मसी कॉलेजात शिकवते.

"काका, इंजेक्शन वेळेवर घेतलं ना?"

काका टेबलाकडे पाहत राहिले. कविताला वाटलं, मी औषधांची चौकशी करते आहे. तिने पर्समधून एक काळी बाटली काढून समोर ठेवली.

"मॅडम, बा हे पण घेऊन राह्यले. मीच मागवलं. गांजाच्या पानांचा अर्क आहे तेलात. आयुर्वेदात विजया म्हणतात, लायसन्सवालं आहे. यातल्या घटकांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी मरतात, असा रिसर्च आहे."

तिने मोबाइल पुढे केला. मी शांतपणे वाचलं. रिसर्च खरा होता. गांजाच्या झाडातल्या कॅनाबिनॉइड नावाच्या घटकांनी काचेच्या ताटलीतल्या कॅन्सर पेशींची वाढ मंदावली होती. काही प्रयोग उंदरांवर होते.

"कविता, यात पेशंट कुठे आहेत?"

"नाहीत मॅडम. पेशी आणि उंदीर."

"ताटलीत कॅन्सर मारणारे पुष्कळ पदार्थ असतात. माणसाच्या लिव्हरमधून जाऊन ते हाडातल्या गाठीपर्यंत किती पोचतात, डोस किती लागतो, हे अजून ठरायचंय. उद्या यातून औषध निघेलही. आज इंजेक्शनच्या जागी ते चालणार नाही."

"जागी?" कविता म्हणाली. "मी सोबत घ्या म्हटलं होतं."

ती वडिलांकडे वळली आणि त्यांच्या बंजारा गोरबोलीत काहीतरी विचारलं. मी तिला जरा बाहेर बसायला सांगितलं.

ती गेल्यावर काका म्हणाले, "मॅडम, तुमी मले लेकीसारक्या. तुमाले कसं सांगू?"

"मी तुमच्याकडे बघत नाही. फाइल लिहीत बसते. तुम्ही बोला."

मी खरंच लिहीत बसले. मग ते बोलले.

"ते सुई घेतली का आंगातून जाळ निघे. चार लोकाईत न्यायनिवाडा करत बसलो का सदरा घामानं वलाचिंब. छाती बाईवानी सुजून राह्यलती. आंघोळीले नळावर उघडा बसाची लाज वाटे. थ्या दवाखान्यात जानंच सोडलं मी. मंग पोरीनं तेल आनलं. ते शिकलेली हाय. म्हटलं, आता सुई कायले पायजे?"

"घरी सांगितलं का कोणाला?"

"बायकोलेबी नाई."

अंगातून जाळ निघणं आणि छाती सुजणं, दोन्ही या इंजेक्शनचे ठाऊक असलेले परिणाम. दोन्हीवर उपाय आहेत, जाळ कमी करायला गोळ्याही आहेत. मी ते सांगितलं. काकांनी पहिल्यांदा मान वर केली.

"आणखी काही त्रास?"

"पाय जड पडतात. पायरी चढतानी गुडघा मुडपते."

मी पेन ठेवून उठले. तपासलं तर दोन्ही पायांत ताकद कमी होती. लगेच एमआरआय करून घेतला. मणक्यातली गाठ मज्जारज्जूला दाबू लागली होती. अशा वेळी उशीर झाला तर पाय कायमचे जातात. सूज उतरवणारं औषध सुरू केलं, हार्मोन झपाट्याने खाली आणणारं इंजेक्शन दिलं आणि त्यांना रेडिएशनसाठी नागपूरला पाठवलं. लिव्हरचे रिपोर्टही बिघडले होते. ते तेलामुळे की आणखी कशामुळे, हे सांगता येत नव्हतं. तेल बंद केलं.

कविता अँब्युलन्सपाशी उभी होती. "माझ्यामुळं झालं का हे?"

"नाही. इंजेक्शन त्यांनी तेल यायच्या आधीच सोडलं होतं. फक्त तेलामुळे त्यांना ते सोडल्याची काळजी वाटली नाही."

तिला ते किती पटलं, कोण जाणे.

काही महिन्यांनी काका ओपीडीत आले ते काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. पीएसए खाली आला होता. गोळ्यांनी जाळ पुरता गेला नव्हता, पण सोसवत होता. या वेळी सोबत बायको होती. सुईची तारीख तीच लक्षात ठेवत होती.

पूर्वी मी पेशंटला, बाहेरचं काही औषध घेता का, एवढंच विचारायची. आता त्याआधी विचारते, माझं कोणतं बंद केलं. बरेच जण खरं सांगतात.