बाबांची सुई

सानपाड्याच्या घरातलं शोकेस पुसताना बाबांची जाळं विणायची लाकडी सुई हाती आली. तिला गुंडाळलेल्या दोऱ्याला अजून खाडीचा वास आहे.

मी नववीत असताना बाबा मला आमच्या दिवाळे कोळीवाड्यातून मुंबईला म्युझियम दाखवायला घेऊन गेले होते. मूर्ती, तलवारी सगळं सोडून ते एका काचेपुढे थांबले. आत कोळ्यांचं जाळं टांगलेलं. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून त्यांनी हीच सुई काढली आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "जालं फाटलंय. काच उघड ना भावा, पाच मिन्टांचं काम हाय."

"काका, हात नाय लावायचा," तो हसला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांब जाऊन मी एका पुतळ्याची पाटी वाचत राहिले, जणू ते माझे कोणी नव्हतेच. फाटलेलं दिसलं की ज्याचे हात शिवशिवायचे, त्या माणसाशेजारी आज एकदा उभं राहता आलं असतं तर!

"आई, मला बघू दे ना," लेक म्हणाली.

"हात लावू नको." बोलून गेले आणि मीच चपापले. सुई तिच्या हातात ठेवली.

"गाठ कशी मारायची गं?"

ती मी कधी शिकलेच नव्हते.