ऐकणाऱ्या सुनंदाबाई

दंडाला रबरी पट्टा बांधला की सुनंदाबाई ओठांवर बोट ठेवायच्या. "चूप, भाऊ. आयकू द्या." चंद्रपूरच्या आमच्या लॅबमध्ये खडखडत्या पंख्याशिवाय ऐकण्यासारखं काय होतं, कुणास ठाऊक, पण मी सुई हातात धरून निमूट उभा राहायचो. बाई मोहर्लीला जंगलात गाइड होत्या. जिप्सीतल्या बड्या बड्या साहेबांनाही त्या अशाच गप्प करत.

त्यांना थोरल्या बहिणीने, गडचांदूरच्या ताईने, आपली किडनी दिली होती. दर महिन्याला मी रक्त घ्यायचो, किडनी बिघडली की रक्तात चढणारं क्रिएटिनिन बघायचो आणि "झकास!" म्हणून मोकळा व्हायचो. एकदा नागपूरच्या डॉक्टरांनी एक जादा नळी मागवली. तपासणी नवी होती. दिलेल्या किडनीतल्या मेलेल्या पेशींचे अतिसूक्ष्म अंश रक्तात फिरत असतात. शरीर त्या किडनीवर उलटलं की ते वाढतात, क्रिएटिनिन चढण्याच्या कितीतरी आधी. मी हे समजावलं तशा बाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

"म्हंजे माह्या रक्तात ताई फिरून राह्यली?"

इतकी वर्षं नळ्या हाताळतोय, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. 

रिपोर्ट आला. ते अंश वाढले होते, क्रिएटिनिन मात्र नेहमीइतकंच. ना ताप, ना सूज. नको तो शहाणपणा मीच केला. म्हणालो, "मशीन चुकलं असेल. महिन्याभराने पुन्हा करू."

नवख्या टुरिस्टाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, मातीत पंजे दिसले म्हंजे वाघ येऊन गेला. तुमचं क्रिएटिनिन तसं हाय. चितळ त्याच्या आधी ओरडते. कॉल आयकला का आमी गाडी थांबवतो, वाघ दिसाची वाट नाई पाह्यत. हे मायी ताई ओरडून राह्यली, अन् तुमी मले महिनाभर थांब म्हनता?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या नागपूरला गेल्या. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीराने तिला नाकारायला सुरुवात केलीच होती, पण नुकतीच. औषधांनी ते आवरलं. महिनाभर थांबल्या असत्या तर किडनी हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. माझी मलाच लाज वाटली, आणि त्या बाईंपुढे हात जोडावेसे वाटले.

गेल्या वर्षी ताई अचानक वारल्या. पंधरा दिवसांनी सुनंदाबाई रक्त द्यायला आल्या तेव्हा आधीच्या नळीचा रिपोर्ट माझ्या हातात होता. ते अंश अगदी नगण्य. मी सवयीने "झकास!" म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

"शून्य तं नाई ना, भाऊ?"

"नाही. किडनी जिवंत आहे तोवर थोडे असतातच."

त्यांनी हात पुढे केला, डोळे मिटले आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी उठून पंखा बंद केला.