पाइप मोकळा ठेव

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीचं बॉनेट उघडून त्यालाच शिव्या घालत होतो. विलास माझा मावसभाऊ, साकीनाक्याला त्याचं गॅरेज. आमचं चार महिने बोलणं नव्हतं. वहिनी म्हणाली, "हे गेले रे... चहा घेता घेता." माझे हात तेलाने बरबटलेले, आणि डोक्यातल्या रागाचं काय करायचं ते कळेना.

भांडण वडिलांच्या जुन्या, कार्बोरेटरवाल्या गाडीवरून. इंजिनच्या पोटात तेलकट वाफ साठते, ती एका रबरी पाइपमधून कार्बोरेटरच्या वाटेने परत आत जाऊन जळते. ही घाण कार्बोरेटरमध्ये कशाला, असं माझं ठाम मत. म्हणून मी त्या पाइपात औषधाच्या बाटलीचं रबरी बूच ठोकायचो. विलास ते काढायचा, गाडी ट्यून करायचा आणि सांगायचा, "मेल्या, पाइप मोकळा ठेव. वाफ कोंडली की तेल मिळेल तिथून बाहेर येणार. आणि मी कार्बोरेटर लावलाय तो या पाइपची हवा धरून. ती बंद केलीस तर गाडी सिग्नलला बंद पडणारच." मी हो हो म्हणायचो आणि घाटकोपरला घरी येऊन नवीन बूच बसवायचो. मी शिकलेला ना, तो गॅरेजवाला.

तिसऱ्यांदा गाडी काळा धूर सोडत बंद पडली, खाली तेलाचं थारोळं. ओढून गॅरेजला नेली आणि गिऱ्हाइकांसमोर बोललो, "विलास, तुझा हात गेलाय आता." एका गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे आपली चावी परत मागितली. विलास बॉनेटमध्ये वाकला. खिशात काहीतरी टाकलं. "ठेवून जा गाडी," एवढंच म्हणाला. दुरुस्त झालेली गाडी घरी आणली, त्याच संध्याकाळी चौथं बूच बसवलं.

तेराव्यानंतर वहिनीने त्याची तंबाखूची डबी हातात दिली. "तुझ्यासाठी ठेवलेली म्हणायचे." आत माझी तीन बुचं. म्हणजे त्या दिवशी त्याच्या खिशात पुरावा होता, आणि हा माणूस गप्प बसला. अरे, दाखवायचं होतंस ना... चार लोकांत माझं तोंड फोडायला तुझं काय जात होतं? अजून चीड येते मला. त्याची आणि त्याहून जास्त माझी.

चौथं बूच मी काढून डबीत टाकलं. त्या गिऱ्हाइकाचं नाव माहीत नाही, नाहीतर डबी घेऊन त्याच्या दारात गेलो असतो. कार्बोरेटरला हात लावलेला नाही. गाडी सिग्नलला एका लयीत चालू उभी राहते, चार महिन्यांपूर्वी त्याने लावून दिली होती तशीच.