तिनं सुई घेतली होती

माझी नात खेळाडूंच्या दुखापतींवर इलाज करायचं शिकते. मागे सांगत होती की त्यांच्या कॉलेजात आता डॉक्टर होणारे, नर्स होणाऱ्या आणि ही पोरं, सगळ्यांना एका खोलीत बसवून शिकवतात. दुखणेकरी एक, आणि विचार सगळ्यांनी मिळून करायचा. "नवीन पद्धत आहे, आजी," म्हणाली. माझं डोकं फिरलं. एवढी साधी गोष्ट सुचायला शिकलेल्या माणसांना इतकी वर्षं लागली!

मी चौथी पास. हाड बसवणं, लचक काढणं सासूच्या हाताखाली शिकले. महाराष्ट्र नवा होता तेव्हा उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका शाळेत कवायतीच्या शिक्षकांचा वर्ग भरायचा. महिनाभराचा. पास झालं की शाळेत नोकरी. त्या वर्षी पहिल्यांदाच आठ पोरीही आल्या होत्या. खेळताना कुणाला लागलं तर काय करायचं, हेही त्या वर्गात शिकवायचे. त्यासाठी दवाखान्याचे डॉक्टर होते. पण पोरींच्या पायाला हात कोण लावणार? म्हणून वर्ग चालवणाऱ्या मास्तरांनी मला डोणगावकडून बोलावून नेलं.

डॉक्टर सकाळी शिकवायचे, वर्गात, भिंतीवर सांगाड्याचं चित्र टांगून. मी दुपारी चारला, लिंबाखाली चटई टाकून. मास्तरांनी वेळाच अशा लावल्या होत्या की आमची गाठ पडू नये. डॉक्टर पुण्याकडचे. ते पोरींना सांगायचे, "त्या बाईंकडे पाय दिलात तर तो सरळ परत मिळेल याची हमी मी देत नाही." पोरी हसायच्या. मग चारला येऊन मला सांगायच्या आणि मी काय म्हणते ते ऐकायला टपून बसायच्या.

मीही कमी नव्हते. म्हणायची, "जिनं त्याची सुई टोचून घेतली, तिनं माह्या चटईवर बसू नये. आंधी त्याले इचारा, हात लावल्याशिवाय दुखनं कसं समजते त्याले?" पोरी पुन्हा हसायच्या. मला बरं वाटायचं. हे बरं वाटणं पुढे फार महाग पडलं, आणि पडलं ते दुसऱ्याला.

आठ पोरींतली एक वरवट बकालकडची होती. उंच, काटक, तोंडाची तिखट. बापानं तिला एकच उन्हाळा दिला होता. पास झाली तर नोकरी, नाही तर दिवाळीनंतर लग्न. नवरा ठरलेला होता, त्याला आधीच्या बायकोची दोन लेकरं होती. "दोन लेकरं आयतीच भेटतात मले, मावशी," ती म्हणायची, "कवायत त्याहीचीच घ्याव लागते मंग."

परीक्षेच्या आठवड्यात ती लेझीम खेळताना दगडावर पडली आणि तिची उजवी नडगी ठेचली. तिच्या सगळ्या परीक्षा झाल्या होत्या, लांब उडी तेवढी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लंगडत दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी लांबूनच विचारलं, काय झालं? ती म्हणाली, मुरगळलंय. परक्या पुरुषासमोर तिनं लुगडं वर केलं नाही आणि डॉक्टरांनी पाय पाहिला नाही. दुखणं थांबायची सुई द्यायला नर्सबाईला सांगितलं आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

दहा वाजता ती माझ्याकडे आली. मास्तर बरोबर होते.

"पाहा बरं, मावशी," मास्तर म्हणाले, "उडी मारू देऊ का इले?"

मी नडगीवरून अंगठा फिरवला. दाबताना मी पायाकडे पाहत नसते, माणसाच्या तोंडाकडे पाहते. हाडाला चीर असली तर त्या जागी अंगठा आला की माणसाचा डोळा लवतोच. तिचा लवला नाही. अर्धं दुखणं सुईनं मारलं होतं आणि अर्धं ती गिळत होती.

"दुखते का वं?"

"नाही, मावशी."

"खरं सांग."

"खरंच सांगून राह्यली."

मी मास्तरांना म्हटलं, "हाड साबूत हाये. मारू द्या."

तिनं उडी मारली. वाळूच्या खड्ड्यात पाय टेकले तेव्हा वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज मी कडेला उभी राहून ऐकला. धावत गेले. नडगी मधूनच वाकली होती. आधाराला बांबूच्या कामट्या बांधता बांधता मी तिच्यावर ओरडले.

"तुले दुखत होतं की नाही? बोल!"

"सकायी सुई घेतली होती, मावशी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमीच तं म्हटलं होतं, सुईवालीनं चटईवर बसू नये."

तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग कळलं की कुणाच्या वाजवायला पाहिजे.

पोरांनी तिला बाजेवर घालून दवाखान्यात नेलं. मी मागोमाग गेले. डॉक्टरांना सगळ्यांसमोर विचारलं, "सुई देली तं पाय काऊन नाही पाह्यला?"

"मुलगी पाय दाखवेना. मी काय करणार होतो?"

"मले बोलवाचं होतं. शंभर पावलावर होती मी."

"आणि तुम्ही मला विचारायचं होतं, बाई. शंभर पावलं दोन्हीकडून सारखीच आहेत."

त्यांचं बोलणं खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

मास्तरांनी एक वाट काढली. उडीत पडली ती इलाजाच्या चुकीनं पडली, असं डॉक्टरांनी आणि मी, दोघांनी लिहून दिलं, तर बरी झाल्यावर तिची उडी पुन्हा घेता येईल. मी त्याच संध्याकाळी लिहिलं. सुई दिलेली मला माहीत नव्हती, मी विचारलंही नाही, मारू द्या म्हणाले ती चूक माझी. वेलांट्या चुकल्या असतील, पण सही ठसठशीत केली. डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि परत दिला. "सरकारी माणसाला असं काही लिहून देता येत नाही," म्हणाले. आपल्या कागदावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या: उजव्या नडगीचं हाड मोडलं आहे, तीन महिने विश्रांती. सुईचं नावही नाही.

मास्तरांनी त्यांचा कागद फायलीत लावला. माझा घडी करून माझ्याच हातात ठेवला.

"तुमचा चालत नाही, मावशी. कागदावर तुमी कोन हाये?"

महिनाभर मी शिकवलं होतं. कागदावर मी कोणी नव्हते. ती नापास झाली. बाप येऊन तिला एस.टी.नं घेऊन गेला. पोरीकडे त्यानं धड पाहिलंही नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, त्याच माणसाशी.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांचा निरोप आला. येते म्हणून कळवलं. पहिल्या दिवशी चारची वाट पाहिली नाही. सकाळीच डॉक्टरांच्या वर्गात जाऊन पुढच्या बाकावर बसले. डॉक्टर थांबले. मास्तर दारातून खुणावत होते, "मावशी, तुमचं दुपारी हाये!"

"माहीत हाये मले," मी म्हटलं, आणि उठून पोरींकडे तोंड केलं. मागच्या वर्षी काय झालं ते सांगितलं, तिचं नाव न घेता. मी काय बोलायची, पोरी कशा हसायच्या, आणि मी दाबलं तेव्हा तिचा डोळा का लवला नाही, सगळं. या खेपेला कुणी हसलं नाही. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते.

"साहेब, इकडे पाहा," मी म्हटलं. "माह्यं झालं सांगून. आता तुमचं तुमी सांगा."